तारेचा नंबर नव्हे, तारेचे माप विचारा

सतार, गिटार, मेंडोलीन, बेंजो ही वाद्ये बनवणारे, दुरुस्त करणारे आणि विकणारे बंधू आपल्यात बरेच आहेत. मिरजेचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथील शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम मागे पडल्यावर सतार-तंबोऱ्याचा हुन्नर उचलला आणि पुढे सतारमेकर हेच त्यांचे नाव झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. लाकूड कोणते, भोपळा किती वाळलेला, घोडीला जवारी कशी काढायची, याची पारख या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे.

पण वाद्य एकदा कारखान्याबाहेर पडले की त्याचे बरेवाईट तार देणाऱ्याच्या आणि तार चढवणाऱ्याच्या हाती जाते. तार हा वाद्याच्या दुकानातला सर्वांत स्वस्त माल. गिऱ्हाईक येते, "एक तार द्या" म्हणते, आपण देतो आणि विषय संपतो. त्या स्वस्त तारेने मात्र दांडी वाकते, गिटारचा ब्रिज उखडतो, घोडीला खाचा पडतात आणि नाव खराब होते ते वाद्य बनवणाऱ्या कारागिराचे. म्हणून तारेची निवड कशी करावी, याचा हा छोटा धडा. आम्ही कापडाच्या व्यापारातले असल्यामुळे हा विषय सुताच्या भाषेत मांडला तर वाचकांना लवकर उमजेल असे वाटते.

तार आणि सूत : एकच खानदान

पोलादाची जाड कांब लहान-लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढत नेली की बारीक तार होते. जरीच्या धंद्यातले तारकश चांदी-तांब्याच्या बाबतीत हेच करतात. तार ओढताना ती नुसती बारीक होत नाही, मजबूतही होत जाते. वाद्याची पोलादी तार ही साधी बांधायची तार नव्हे, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे. तिच्यात कार्बनचे प्रमाण जास्त असते आणि तिची ताण सोसण्याची ताकद साध्या तारेच्या कितीतरी पट असते. दिसायला दोन्ही सारख्याच. सतारीला बांधायची तार लावली तर ती लांबत राहते, सूर उतरत राहतो आणि शेवटी तुटते.

दुसरा प्रकार गुंडाळलेल्या तारेचा. गिटारच्या जाड तारा पाहा. आत एक बारीक पोलादी तार आणि तिच्यावर दुसऱ्या धातूची तार घट्ट गुंडाळलेली. जरीत रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर चपटा बादला गुंडाळतात, तीच ही रचना. कारण असे की खालच्या सुरासाठी तार वजनदार पाहिजे. वजन वाढवायला एकसंध तारच जाड केली, तर ती सळईसारखी ताठ होते आणि नीट कंप पावत नाही. गुंडाळल्याने वजन येते आणि लवचिकपणाही राहतो. गुंडाळायची तार गोल असेल तर आवाज चमकदार, पण बोट सरकवताना खर्र आवाज येतो. चपट्या पट्टीने गुंडाळलेली असेल तर बोटाला गुळगुळीत आणि आवाज मऊ. गिऱ्हाइकाला दोन्ही दाखवाव्यात.

तिसरा प्रकार नायलॉनचा. पूर्वी गिटारला मेंढीच्या आतड्याची तात लावत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती मिळणे अवघड झाले. १९३८ मध्ये अमेरिकेच्या ड्युपॉण्ट कंपनीने नायलॉन जाहीर केले होते. ते प्रथम गाजले मोज्यांत; मग १९४० च्या दशकात न्यूयॉर्कचे वाद्य कारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी त्याच्या गिटार तारा बनवल्या. प्रसिद्ध वादक सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या आणि तात मागे पडली. या संचातल्या वरच्या तीन तारा एकसंध नायलॉनच्या असतात. खालच्या तिन्हींत आत नायलॉनच्या बारीक तंतूंचा झुपका आणि वर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार. आपल्या भाषेत सांगायचे तर आत मल्टिफिलामेंट यार्न, वर जर.

नंबराचा घोळ

आता मुख्य गोष्ट. सुताच्या बाजारात नवा माणूस हमखास फसतो तो काउंट आणि डेनिअरमध्ये. सुती धाग्याचा काउंट जितका मोठा, तितका धागा बारीक. २० काउंटपेक्षा ४० काउंट बारीक. डेनिअरचे उलटे, आकडा मोठा, धागा जाड. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागवाल्यांना हे सांगायला नको. पण तारेच्या बाजारात हाच घोळ एकाच सतारीवर होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सतारीच्या पोलादी तारांना ०, १, २, ३, ४ असे नंबर आहेत. हे नंबर डेनिअरसारखे चालतात. आकडा वाढला की तार जाड. ब्राँझच्या आणि पितळेच्या तारांना २०, २१, २४, २७, २८ असे नंबर आहेत. ते काउंटसारखे चालतात. आकडा वाढला की तार बारीक. म्हणजे "एक नंबर वरची द्या" असे गिऱ्हाईक म्हणाले, तर पोलादात त्याला जाड तार मिळेल आणि ब्राँझमध्ये बारीक.

एवढ्यावर भागत नाही. काही व्यापारी पोलादी तारही ब्राँझच्याच गजाने मोजतात आणि ३०, ३२, ३३ असे नंबर सांगतात. त्या हिशेबाने ३० नंबर म्हणजे ०.३१५ मिलिमीटर आणि जुन्या हिशेबाचा ३ नंबर म्हणजे ०.३०५ मिलिमीटर. दोन्ही जवळजवळ एकच तार! त्याचप्रमाणे ३३ नंबर आणि १ नंबर दोन्ही ०.२५४ मिलिमीटरच्या. गिटारवाले तिसरीच भाषा बोलतात. ते "नऊची", "दहाची" तार मागतात, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. नऊ म्हणजे ०.००९ इंच, दहा म्हणजे ०.०१० इंच. तेथे आकडा वाढला की तार जाड.

या सगळ्यावर इलाज एकच. नंबर विसरा, मिलिमीटर विचारा आणि मिलिमीटरच लिहून ठेवा. दुकानात एक मायक्रोमीटर ठेवावा. कापडवाल्याच्या गजाइतकेच ते तारवाल्याचे हत्यार आहे. गिऱ्हाइकाने जुन्या तुटलेल्या तारेचा बोटभर तुकडा आणला तरी मोजता येते. मात्र गंजलेल्या किंवा चेपलेल्या जागी मोजू नये. सरळ, स्वच्छ जागी तीन ठिकाणी मोजावे.

खालचे आकडे कापून दुकानात लावून ठेवले तरी चालतील.

पोलाद : ० नंबर ०.२३, १ नंबर ०.२५, २ नंबर ०.२८, ३ नंबर ०.३०, ४ नंबर ०.३३ मिलिमीटर.
ब्राँझ व पितळ : २० नंबर ०.९१, २१ नंबर ०.८१, २४ नंबर ०.५६, २५ नंबर ०.५१, २६ नंबर ०.४६, २७ नंबर ०.४२, २८ नंबर ०.३८ मिलिमीटर.

ताणाचा हिशेब

तारेचा सूर चार गोष्टींवर ठरतो : लांबी, जाडी, धातू आणि ताण. १६३६ मध्ये फ्रान्सचे विद्वान मर्सेन यांनी याचे नियम छापले आणि ते आजही तसेच लागू आहेत. ते असे :

एक, तार निम्म्या लांबीवर दाबली की सूर एक सप्तक चढतो.
दोन, लांबी आणि ताण तोच ठेवून दुप्पट जाडीची तार लावली की सूर एक सप्तक उतरतो.
तीन, लांबी आणि जाडी तीच ठेवून सूर एक सप्तक चढवायचा, तर ताण दुप्पट नव्हे, चौपट करावा लागतो.

वाद्याची लांबी ठरलेली असते. सूर वादकाने ठरवलेला असतो. म्हणून आपल्या हाती उरतात फक्त दोन गोष्टी, जाडी आणि धातू. आपण जी तार देतो, त्यावरून वाद्यावर किती ओझे पडणार हे ठरते. सूर तोच ठेवून जाडी थोडी वाढवली तरी ताण किती वाढतो पाहा. गिटारला नऊऐवजी दहाची तार लावली, तर त्या तारेचा ताण सुमारे २३ टक्के वाढतो. सतारीला ०.३० ऐवजी ०.३२ ची बाजाची तार लावली, तर सुमारे १४ टक्के. फरक केसाएवढा, ओझे मात्र मोठे.

तीच तार ठेवून सूर अर्धा चढवला, म्हणजे काळी एकवरून पांढरी दोनवर नेला, तरी ताण सुमारे १२ टक्के वाढतो. म्हणून षड्ज चढवणाऱ्या वादकाला थोडी बारीक तार द्यावी आणि उतरवणाऱ्याला थोडी जाड. उतरवलेल्या सुरावर बारीक तार ठेवली तर ती ढिली पडते, पडद्यांवर थडथडते आणि आवाजात दम राहत नाही. मागावरचा ताणा फार ओढला तर धागे तुटतात आणि ढिला सोडला तर कापड बिघडते. हा तसाच प्रकार आहे.

सतारीच्या तारा

काळी एकला लावलेल्या सतारीचा हिशेब करून पाहू. मेरूपासून घोडीपर्यंत अंतर सुमारे ८८ सेंटिमीटर धरले आहे.

बाजाची तार पोलादी, ०.३० मिलिमीटर, सूर मध्यम. ताण सुमारे ६ किलो.
जोडाची तार ब्राँझ, २७ नंबर, सूर षड्ज. ताण सुमारे ७ किलो. २८ नंबर लावली तर ६ किलो.
खालच्या पंचमाची तार ब्राँझ, २५ नंबर. ताण सुमारे ६ किलो.
खरजाची तार ब्राँझ, २१ नंबर. ताण सुमारे ७ किलो.

जाडीत जमीन-अस्मानाचा फरक असूनही ताण सगळीकडे ६ ते ७ किलोच आहे. जुन्या उस्तादांनी आणि कारागिरांनी कागदावर गणित न मांडता, नुसत्या हाताच्या आणि कानाच्या तजुर्ब्याने हा मेळ बसवला. चांगल्या संचाची खूण हीच : कोणतीही एक तार बाकीच्यांपेक्षा फार घट्ट किंवा फार सैल लागू नये. चिकारीच्या आणि तरफांच्या तारा ० किंवा १ नंबर पोलादाच्या, म्हणजे पाव मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असतात.

तार देण्यापूर्वी सतारीचा बाज विचारणे जरूर आहे. पंडित रविशंकर यांच्या पद्धतीच्या सतारीला वर सात तारा असतात आणि त्यांत खरज व खालचा पंचम या जाड ब्राँझच्या तारा येतात. उस्ताद विलायत खाँ यांच्या पद्धतीत त्या दोन काढून त्यांच्या जागी पोलादी तारा लावतात, त्या गंधार-पंचमाला मिळवतात आणि वर एकूण सहाच तारा असतात. या दुसऱ्या सतारीच्या मालकाला २० किंवा २१ नंबरची ब्राँझ तार दिली, तर ती त्याच्या काहीच कामाची नाही. "सतारीचा संच द्या" एवढ्यावर तारा काढून देऊ नयेत, ते यासाठी.

बाजाच्या तारेबाबत आणखी एक गोष्ट. सतारीत पडद्यावर तार बाजूला खेचून मींड घेतात. पाच सुरांची मींड घेतली की सूर दीडपट चढतो आणि नियमाप्रमाणे ताण सव्वादोनपट होतो. ६ किलोचा ताण त्या क्षणी साडेतेरा किलोपर्यंत जातो आणि लगेच परत येतो. रियाझात असे शेकडो वेळा होते. म्हणून बाजाच्या तारेला अव्वल दर्जाचे पोलाद लागते आणि वादक त्यासाठी जर्मनीच्या रोसलाऊसारखी पियानोची तार मागतात. येथे स्वस्त तार देऊन चार पैसे वाचवण्यात नफा नाही. बाकीच्या तारांत एकवेळ तडजोड चालेल, बाजाच्या तारेत नाही.

जाडी बदलण्याचा परिणाम जवारीवरही होतो. घोडीची जवारी ठराविक जाडीच्या तारेसाठी काढलेली असते. जाड तार लावली की तिची झणकार बदलते आणि घोडीत खाच लवकर पडते. जाडी बदलायचीच असेल, तर जवारीही तपासून घ्यावी लागेल, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. नंतर सांगितले की ते बहाणा वाटते.

गिटारच्या तारा

गिटारचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि तिन्हींच्या तारा वेगळ्या. नुकसानीच्या गोष्टी सर्वांत जास्त येथेच घडतात.

क्लासिकल गिटार : हिला नायलॉनच्याच तारा. सहा तारांचा मिळून ताण ४० किलोच्या आसपास असतो. हिची मान रुंद असते, तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या असतात आणि मानेत बहुधा पोलादी सळई नसते.

अकूस्टिक गिटार : हिला पोलादी तारा. बाराच्या संचाचा, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच आणि सहावी ०.०५३ इंच अशा संचाचा, एकूण ताण ७० किलोहून जास्त असतो. मानेत ताण सोसायला सळई असते.

इलेक्ट्रिक गिटार : नऊचा संच (०.००९ ते ०.०४२) किंवा दहाचा संच (०.०१० ते ०.०४६). तार थेट हवेतून ऐकायची नसते, लोहचुंबकाच्या पिकअपने पकडायची असते. म्हणून पोलाद किंवा निकेलचा मुलामा दिलेले पोलाद लागते. ब्राँझने गुंडाळलेल्या अकूस्टिकच्या तारा हिला लावल्या तर जाड तारांचा आवाज कमजोर येतो, कारण चुंबक ब्राँझला धरत नाही.

आता धोका कोठे आहे ते पाहा. मुलगा कॉलेजात गिटार शिकतो, वडील जुनी गिटार घेऊन येतात आणि "टिकाऊ तार द्या" म्हणतात. गिटार क्लासिकल आहे. दुकानदार पोलादी संच देतो. ४० किलोसाठी बनवलेल्या लाकडावर ७० किलो चढतात. काही दिवसांत ब्रिज उचलू लागतो, पोट फुगते, मान धनुष्यासारखी होते. दुरुस्तीचा खर्च तारांच्या किमतीच्या अनेक पट होतो आणि कधीकधी वाद्य दुरुस्तीच्या पलीकडे जाते. उलट चूक, म्हणजे पोलादी गिटारला नायलॉन लावणे, एवढी घातक नाही. वाद्य मोडत नाही, फक्त आवाज दबतो. म्हणून एक नियम पाठ करावा : तारा ब्रिजवर गाठ मारून बांधल्या असतील तर नायलॉन, तारेच्या टोकाला मणी असून तो ब्रिजच्या छिद्रात खुंटीने दाबला असेल तर पोलाद. शंका असेल तर तार देऊ नये, वाद्य घेऊन या म्हणावे.

अकूस्टिक गिटारच्या पाकिटावर दोन नावे दिसतात. एक "८०/२० ब्राँझ", दुसरे "फॉस्फर ब्राँझ". पहिल्यात ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असते. तांबे-जस्ताच्या मिश्रणाला आपण पितळ म्हणतो. पाकिटावर ब्राँझ लिहिले तरी ते पितळच आहे. त्याचा आवाज सुरुवातीला खणखणीत असतो, पण लवकर मंदावतो. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. त्याचा आवाज जरा उबदार असतो आणि तो जास्त दिवस टिकतो. रोज घाम येणाऱ्या हाताला दुसरी बरी.

शिकाऊ मुलाला बाराचा संच देऊन बोटे सोलवू नयेत. दहाचा किंवा अकराचा द्यावा. मात्र बारीक संच लावला की मानेवरचा ताण कमी होतो, तारा पडद्यांच्या जवळ येतात आणि खरखरू शकतात. संच बदलला की मानेची सळई आणि तारांची उंची पाहावी लागते, हेही सांगावे.

मेंडोलीन आणि बेंजो

मेंडोलीनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. लांबी गिटारपेक्षा बरीच कमी, साधारण १४ इंच, आणि सूर उंच. बहुतेक मेंडोलीनच्या तारांच्या टोकाला मणी नसून फास असतो. मण्याची गिटार तार तेथे अडकतच नाही. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच मापाच्या, शक्यतो एकाच दिवशी बदललेल्या असाव्यात. एक जुनी आणि एक नवी असली की मोकळ्या तारा मिळतात, पण पडद्यावर दाबल्या की फटकून बोलतात.

बेंजोच्या बाबतीत नावाचाच घोटाळा आहे. आपल्याकडे कव्वालीत आणि मिरवणुकीत बेंजो म्हणतात ते बटणे दाबून वाजवायचे बुलबुलतरंग. ते मूळ जपानी ताईशोगोतो; १९१२ मध्ये नागोया शहरात निघालेले. त्याला बारीक पोलादी तारा लागतात. इंग्रजी सिनेमात दिसतो तो चामडे मढवलेला, लांब मानेचा बॅन्जो वेगळा. त्याच्या तारांना फास असतो आणि त्यांचा संच वेगळा येतो. गिऱ्हाईक "बेंजोची तार" म्हणाले की कोणता बेंजो, हे विचारल्याशिवाय पाकीट काढू नये.

मालाची पारख

पडदे असलेल्या वाद्यात तारेचा दोष लपत नाही. बिनपडद्याच्या सरोदवर वादक बोट इकडेतिकडे करून सूर सांभाळून घेतो. पडद्याची जागा मात्र कारागिराने ठरवलेली असते. तार एके ठिकाणी जाड आणि एके ठिकाणी बारीक असेल, तर मोकळी तार सुरात आणि पडद्यावर बेसूर, असे होते. गिऱ्हाईक म्हणते पडदे चुकलेत. कारागीर पडदे सरकवत बसतो. दोष तारेचा असतो. म्हणून पडद्याला हात लावण्यापूर्वी नवी तार चढवून पाहावी.

पारखण्याच्या काही सोप्या रीती अशा :

तार चुंबकाला लावावी. ब्राँझ आणि पितळ चिकटत नाही. चिकटली तर ते वरून मुलामा दिलेले पोलाद आहे.

रिळावरून हातभर तार सोडून दोन ठिकाणी, आडवी-उभी फिरवून मोजावी. दोन्ही मापे सारखी आली तर तार गोल आहे.

अढी पडलेली किंवा पीळ बसलेली तार सरळ करून विकू नये. अढीच्या जागी ती तुटणारच.

गिटारची तार चढवल्यावर बाराव्या पडद्यावर अलगद स्पर्श करून सूर ऐकावा, मग तेथेच दाबून ऐकावा. दोन्ही एकच आले पाहिजेत. नव्या तारेवर फटकले तर आधी दुसरी तार लावून पाहावे, मग ब्रिजकडे वळावे.

रिळावर "जर्मन" असा शिक्का आहे म्हणून तार जर्मन होत नाही. नेहमीच्या, खात्रीच्या व्यापाऱ्याकडून घ्यावी आणि प्रत्येक नव्या खेपेतले एक रीळ मोजून पाहावे.

कोकण आणि मुंबईसारख्या दमट हवेत पोलादी तारेचा मोठा दुश्मन गंज. रिळे डब्यात, कोरड्या जागी ठेवावीत. घामाच्या हाताने हाताळू नयेत. गिऱ्हाइकाला सांगावे की वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तार पुसली तर ती जास्त दिवस टिकते. गिटारच्या तारांत आता प्लास्टिकचे अतिबारीक आवरण असलेला महाग प्रकारही मिळतो. पावसात न भिजणारे गोअरटेक्स कापड काढणाऱ्या कंपनीनेच १९९० च्या दशकात तो बाजारात आणला. दमट गावात तो परवडू शकतो.

तारा बदलताना गिटारच्या सगळ्या तारा एकदम काढू नयेत. एक काढावी, एक चढवावी, म्हणजे मानेवरचा ताण एकाएकी जात नाही. चढवताना तोंड तारेच्या रेषेत ठेवू नये. तुटलेली तार डोळ्याला इजा करते. नवी तार पहिले एकदोन दिवस उतरते. तो तारेचा दोष नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगून टाकावे.

चार प्रश्न

एवढे सगळे पाठ करणे जमले नाही तरी चालेल. गिऱ्हाईक दुकानात आले की चार प्रश्न मात्र विचारावेत.

पहिला : वाद्य कोणते आणि कोणत्या प्रकारचे? सतार असेल तर बाज कोणता, गिटार असेल तर तार बांधलेली की मण्याची?
दुसरा : कोणत्या सुराची तार आणि वाद्य कोणत्या पट्टीला लावता?
तिसरा : आधीची तार कोणत्या धातूची होती?
चौथा : तिचे माप किती? तुकडा आणला आहे का?

उत्तरे एका वहीत गिऱ्हाइकाच्या वाद्यापुढे लिहून ठेवावीत आणि पाकिटावर धातू, मिलिमीटर आणि तारीख घालून द्यावी. पुढच्या वेळी त्याला काही सांगावे लागणार नाही. तो आपणहून तुमच्याच दुकानात येईल, कारण त्याच्या वाद्याचे माप फक्त तुमच्या वहीत आहे. शिंप्याकडे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टिकते, त्याचे एक कारण मापाची वहीच असते.

वाद्य बनवणाऱ्या कारागीर बंधूंनीही एवढे करावे : प्रत्येक नव्या वाद्याबरोबर तारांच्या मापांची चिठ्ठी द्यावी. कोणती तार, कोणता धातू, किती मिलिमीटर, कोणती पट्टी. चार ओळींचे काम आहे. मानांकन वाद्याला मिळाले आहे, तारेला नाही; पण ऐकणाऱ्याच्या कानात जो सूर जातो तो तारेतून जातो. मिरजेहून निघालेली सतार पुण्यात, दुबईत किंवा लंडनमध्ये कोणी चुकीच्या तारेने वाजवली, तर ऐकणारा तारेला नाव ठेवणार नाही. तो मिरजेलाच ठेवेल. वाद्याच्या खोळीत ठेवलेली ती चार ओळींची चिठ्ठी कारागिराची कीर्ती परमुलखातही राखील.